वखारीचं गवत

४ नोव्हेंबर

टिल्ल्या,

अक्षर ओळखूनही पाकीट फोडलंस म्हणजे निम्मं काम झालं. की बायकोनं फोडलं? तसं असेल तर बाई गं, मी तुझी थोरली नणंद. आपली कधी गाठ पडली नाही यात तुझा काही दोष नाही. हे पत्र नवऱ्याच्या हातात दे आणि तो वाचून संपवेपर्यंत समोरून हलू नकोस. पत्ता आईच्या डब्यातल्या शेवटच्या पाकिटावरचा आहे. दर नाताळाला तू तिला चार ओळी धाडायचास, ती गेल्यावर त्याही बंद केल्यास. आम्ही दोघी बहिणी काय मेलो होतो?

झालं. या खेपेला तोंड सांभाळून लिहायचं असं ठरवून बसले होते. बघ.

बातमी अशी की बाबा पडले. मोरीत पाय घसरला आणि खुबा मोडला. चौऱ्याऐंशीव्या वर्षी हाड काही जुळायचं नाही. डॉक्टर दारात उभं राहून मला हळूच म्हणाले, "नाताळ बघतील. पुढचं मी बोलत नाही." बाबांचे डोळे सहा वर्षांपूर्वीच गेले, पण कान अजून तिखट आहेत. आतून ओरडले, "नाताळ बघणार नाही म्हणावं! मला दिसत नाही!" डॉक्टर बिचारे हसावं की गप्प बसावं या पेचात जिना उतरून गेले.

आता खाटेवरच सगळं. सकाळ-संध्याकाळ डॉक्टरांचा कंपाउंडर येतो, पाठीची जखम धुतो, कूस बदलून देतो. मधल्या वेळात मी आणि छकू. छकू टेलिफोन एक्सचेंजवर आहे, तिच्या पाळ्या असतात. मी अजून इस्पितळाच्या शिवणखोलीतच, फाटक्या चादरींना टिपा घालतेय. एकतीस वर्षं झाली. एवढ्या चादरी शिवल्या की एकेका रोग्याला दोन-दोन मरणं पुरतील.

तू ये, असं सांगायला लिहीत नाहीये. मी बोलावलं म्हणून तू येणार नाहीस आणि आलास तरी त्याला काही अर्थ नाही. येत्या नाताळात एक्केचाळीस वर्षं होतील, बाबा तुझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. नऊ वर्षांचा होतास तेव्हापासून सतरा वर्षांचा होऊन घर सोडेपर्यंत, एका ताटलीच्या अंतरावर बसून, तुला "मीठ दे" सुद्धा म्हणाले नाहीत. आईला सांगायचे, "त्याला म्हणावं, जिन्यातला दिवा लाव." तू शेजारीच उभा असायचास. मला हवंय ते एवढंच की जायच्या आधी त्यांनी तुला बोलवावं. त्यांनी, स्वतःच्या तोंडानं. तेवढं मी करून घेणार आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण सुंभ आता अगदीच थोडा उरलाय.

परवा खाटेखाली भांडं ठेवायला जागा करताना छकूला पुठ्ठ्याचा एक पंख सापडला. दिव्याच्या काचांच्या खोक्याचा, एका बाजूला अजून "नाजूक, जपून हाताळा" असं छापलेलं. तिनं विचारलं, हे काय? मग मी तिला आपल्या नाटकाचं सांगत बसले. तिला बिचारीला एकच प्रयोग माहीत, तोही तिला आठवत नाही.

तुला आठवतं का रे? तारेवर दोन चादरी अडकवून पडदा. चहाच्या पेटीतल्या चंदेरी कागदाचा तारा. मी मरिया आणि मीच देवदूत. पंख लावून निरोप सांगायचा, घाईघाईनं पंख काढायचे आणि तोच निरोप मरिया होऊन दचकून ऐकायचा. तू योसेफ, तू मेंढरू, आणि पूर्वेकडचे तिन्ही ज्ञानी पुरुषही तूच. दाराआड जाऊन टोपी बदलावी लागायची म्हणून ते तिघं एकामागून एक यायचे. एकदा समोरच्या टायपिस्टबाईंनी विचारलं, "अरे, हे तिघं एकत्र का नाही येत?" तू दुसरा ज्ञानी होतास, वाकून नमस्कार करत म्हणालास, "आमचं पटत नाही." खालचे घड्याळजी इतके हसले की त्यांच्या डोळ्यावरचं भिंग गळून पडलं. बाबासुद्धा हसले होते. ते हसले की खांदे हलायचे, आवाज यायचा नाही.

गव्हाण म्हणजे बाबांनी वखारीतून आणलेलं खोकं. रोज बारा तास काचेचे पेले आणि दिव्याच्या काचा गवतात बसवून भरणारा माणूस, पण घरी खोकं आणलं की आधी जिन्यात उलटं करून ठोकायचे, मग ओल्या फडक्यानं पुसायचे, मग काचकागदानं घासायचे. वखारीचं गवत मात्र घरात यायचं नाही म्हणजे नाही. गवत कोपऱ्यावरच्या टांगेवाल्याकडून. बाळ येशू म्हणजे गुंडाळलेला टॉवेल.

शेवटच्या वर्षी टॉवेलाच्या जागी सात महिन्यांची छकू होती आणि गवत वखारीचं होतं. काचेची कणी तिच्या डाव्या डोळ्यात गेली, डोळा गेला. बाबांनी विचारलं गवत कोणी आणलं, तू म्हणालास मी. यापलीकडे त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

बाबांशी बोलले की कळवते.

ताई

१३ नोव्हेंबर

टिल्ल्या,

उत्तर नाही. बरोबर आहे. मागच्या पत्रात मी लिहिलं की यापलीकडे लिहिण्यासारखं काही नाही, आणि पत्र पेटीत टाकून वळले तेव्हा माझेच कान गरम झाले. तू ते वाचून काय म्हणाला असशील ते मला इथं ऐकू आलं.

तर लिहिते. पहिल्यांदाच लिहितेय, त्यामुळे हसू नकोस.

त्या वर्षी टांगेवाल्यानं घोडा विकला आणि टेम्पो घेतला. तबेल्यात गवताऐवजी तेलाचे डाग. पडदा झाला, तारा झाला, गवत नाही. तू म्हणालास, आपण फडकी घालू. मी म्हणाले, देवाचा मुलगा काय फडक्यांवर जन्मतो? तेरा वर्षांची होते, पण तोरा बघावा. छकूला आईनं द्यायचं कबूल केल्यापासून मी हवेतच होते. खरं बाळ! आईनं आधी नकोच म्हटलं होतं. मी दोन दिवस जेवणावर रुसले तेव्हा तिनं हात टेकले.

तुला वखारीत मी पाठवलं. तू नको म्हणत होतास. "बाबा मारतील" म्हणालास. मी म्हणाले, "बाबांना कळलं तर ना. रोज डबा पोचवतोसच, येताना पिशवीत भरून आण. आणि नीट झटक." तू तरी जागचा हलेनास तेव्हा मी काय म्हणाले तेही सांगते. म्हणाले की नाही आणलंस तर तुझी सगळी कामं काढून घेईन, तू प्रेक्षकांत बस. तुझा चेहरा पडला आणि तू पिशवी उचललीस.

वखारीच्या मागच्या भिंतीशी जुन्या गवताचा ढीग असायचा, आठवतं? परत आलेल्या खोक्यांतलं गवत. फुटलेल्या मालाचा चुरा त्यात बसलेला असायचा. ते जाळीवर चाळून पुन्हा वापरायचे. नवं गवत आत, गंजी रचून. हे आपल्याला घरात सगळ्यांना पाठ होतं. तू जुन्या ढिगातलं आणलंस. मी ते हातात घेऊन बघितलंही नाही. खोक्यात पसरलं, वर छकूचं दुपटं टाकलं आणि पडदा ओढला.

ती रडायला लागली तेव्हा टायपिस्टबाईंनी टाळ्या वाजवल्या. म्हणाल्या, किती खरं वाटतं! आई उठायला लागली, मी तिला डोळ्यांनीच दटावलं की बस खाली. आणि तुला म्हणाले, "मोठ्यानं म्हण." आपण गाणं मोठ्यानं म्हटलं. एक नाही, दोन. छकू दोन्ही मुठींनी डोळा चोळत होती आणि मी मरिया होऊन हसत होते. दुसरं गाणं संपल्यावर आई कोणाचं न ऐकता उठली. डॉक्टर नंतर बाबांना म्हणाले होते, चोळायच्या आत आणलं असतं तर वाचला असता डोळा. हे तुला माहीत नव्हतं ना? मला माहीत होतं. मी दाराआड उभी होते.

इस्पितळातून आल्यावर बाबा स्वयंपाकघरात उभे राहिले आणि विचारलं, "गवत कोणी आणलं?" तू "मी" म्हणालास आणि माझ्याकडे बघितलंस. माझं नाव सांगावं म्हणून नाही, नुसतंच बघितलंस. मी पडद्याच्या चादरीची घडी घालत होते. ती मी पूर्ण घातली.

बाबांनी "कोणी आणलं" एवढंच विचारलं होतं, "कोणी आणायला लावलं" असं विचारलं नव्हतं, हे मी स्वतःला इतक्या वर्षांत किती वेळा सांगितलंय याला सुमार नाही. झाकली मूठ. तू गेलास त्या दिवशी तुझी ट्रंक स्टेशनपर्यंत मी धरली होती, एका बाजूची कडी तुझ्या हातात आणि दुसरी माझ्या. सबंध रस्ताभर ते शब्द माझ्या जिभेवर होते. गाडी सुटल्यावर मी काय केलं माहितीये? घरी येऊन जेवले.

मला लाज वाटते. मी बाबांना सगळं सांगणार आहे.

ताई

२२ नोव्हेंबर

टिल्ल्या,

सांगितलं. आता ऐक आणि कपाळावर हात मार.

रविवारी दुपारी मी बाबांना चमच्यानं चहा पाजत होते. म्हटलं, हीच वेळ, तोंडात चमचा असेपर्यंत मधे बोलणार तरी नाहीत. म्हणाले, "बाबा, ते गवत मी आणायला लावलं होतं. टिल्ल्या नको म्हणत होता."

त्यांनी घोट गिळला. कुठलं गवत असं विचारलं नाही. म्हणाले, "तू पहिल्यापासून त्याला पाठीशी घालतेस. आईचीच सवय तुला."

"पाठीशी घालत नाहीये, खरं सांगतेय!"

"तू तेरा वर्षांची होतीस. शहाणी होतीस. तू असलं करायची नाहीस."

"अहो, केलं ना पण!"

"ओरडू नकोस. कान शाबूत आहेत माझे." आणि मग चाचपडत माझा हात शोधला, दोनदा थोपटला आणि म्हणाले, "चांगली आहेस तू. भावासाठी एवढं कोण करतं."

टिल्ल्या, मला तो चहाचा पेला भिंतीवर फेकावासा वाटला. एक्केचाळीस वर्षं गप्प बसले तेव्हा शहाणी ठरले, आणि तोंड उघडलं तर त्याहून चांगली ठरले! दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पालथ्या घड्यावर पाणी. काल तर कंपाउंडरला कौतुकानं सांगत होते, "थोरलीचं काळीज मोठं आहे हो."

छकूला मात्र पटलं. पहिल्याच वेळी. मी सांगत होते तेव्हा ती पाण्याचं घमेलं घेऊन दारात उभी होती. तुला तिची जीभ ठाऊक नाही. कोणी डोळ्याबद्दल हळहळायला लागलं की म्हणते, "दुसरा असता तर या घरातली भांडणं दुप्पट दिसली असती, आहे तेच बरं." मला वाटलं आताही असंच काही तरी बोलेल. तिनं एकच विचारलं, "गाणं मोठ्यानं म्हणायला कोणी सांगितलं?"

"मीच."

तिनं घमेलं मोरीत रिकामं केलं, विसळलं, पालथं घातलं. तेव्हापासून ती माझ्याशी नीट वागते. फार नीट. "तुम्ही जेवून घ्या, मी बसते बाबांपाशी" म्हणते. तुम्ही! ज्या पोरीचे लंगोट मी धुतले ती मला अहोजाहो करतेय. शिव्या दिल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते. इतक्या अदबीनं बोलणाऱ्या माणसाचे पाय कसे धरायचे ते मला कळत नाही.

तुझ्यासाठी काही करायला गेले आणि घरात उरलेली एक बहीण तेवढी घालवून बसले. तुझं काम तर झालंच नाही.

ताई

१ डिसेंबर

टिल्ल्या! अरे, बाबांनी तुला बोलावलंय!

मला घाईत लिहू दे, टपाल पाच वाजता निघतं. काल दुपारी मी त्यांचे पाय चोळत होते. आपणहून म्हणाले, "तेव्हा त्याचं वय काय होतं?"

"कोणाचं?"

"आता सोंग कशाला घेतेस."

म्हटलं, "नऊ."

"नऊ म्हणजे केवढं?"

मग मी त्यांचा हात धरला आणि खाटेशेजारी हवेत नेला, एवढं. त्यांनी हात तिथंच ठेवला. म्हणाले, "एवढाच? मला मोठा आठवतोय." मी म्हटलं, "टिल्लाच होता तो, म्हणून तर टिल्ल्या." किती तरी वेळ हात तसाच धरून होते, थरथरायला लागला तरी खाली घेईनात.

मग म्हणाले, "एवढ्याशा पोराला काय कळतंय जुनं गवत आणि नवं गवत. गवत म्हणजे गवत. बोलव त्याला."

मी तीनदा विचारलं. तीनदा हो म्हणाले, तिसऱ्यांदा वैतागून म्हणाले, "बहिरी झालीस काय?" माझ्या बोलण्यावर त्यांचा अजून विश्वास नाहीच. आणलंस तूच असं त्यांना वाटतं, फक्त लहान होतास म्हणून सोडून दिलं. न्याय नाही झाला हा, मला कळतं. पण टिल्ल्या, माणूस चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे आणि पाठीची जखम रुंदावतेय. जेवढं मिळतंय तेवढं घेऊन टाक. भांडण मग माझ्याशी कर, मी पुरून उरेन.

मिळेल त्या गाडीनं ये.

ताई

१६ डिसेंबर, सकाळ
स्टेशनवरच्या प्रतीक्षालयातून

टिल्ल्या,

हे पत्र टपालात टाकणार नाही. गाडी पन्नास मिनिटं उशिरा आहे, बाकावर बसून लिहितेय, आणि तू उतरलास की तुझ्या हातात देणार. तोंडानं सांगणं मला जमायचं नाही. हे वाचून होईपर्यंत माझ्याशी बोलू नकोस, म्हणजे मी रडणार नाही.

तुझं पत्र आठ तारखेला आलं. तू ते माझ्या दुसऱ्या पत्राला उत्तर म्हणून लिहिलं होतंस. बाबांनी बोलावल्याचं तुला तेव्हा माहीत नव्हतं, दोन्ही पत्रं वाटेतच कुठं तरी एकमेकांना ओलांडून गेली. आधी मी एकटीनं वाचलं. तू लिहिलंयस की जुना ढीग कुठला आणि नवी गंजी कुठली हे बाबांनी तुला हात धरून दोनदा दाखवलं होतं. मी तुला बजावलंही होतं म्हणे की नव्या गंजीतलंच आण. आत पहारेकरी होता, म्हणून तू भिंतीजवळचं उचललंस, आणि झटकलंही नाहीस. "मला सगळं ठाऊक होतं ताई, तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. बाबांचं काही चुकलं नाही."

मी बजावलं होतं का रे? खरंच? मी डोकं धरून बसले आणि ती दुपार पुन्हा पुन्हा आठवली. पिशवी आठवते, तुझा पडलेला चेहरा आठवतो, "नीट झटक" म्हटलेलं आठवतं. नव्या गंजीचं काही आठवत नाही. मी बोलले असेन आणि विसरले असेन. की मला सोडवायला तू हे आता रचलंस, तेव्हा "मी" म्हणालास तसंच? तसं असेल तर तुझ्यासारखा गाढव तूच. मला कधीच कळणार नाही, कारण मी विचारलं तरी तू तेच सांगशील.

आणि ती ओळ वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं तेही लिहिते. बरं वाटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. मग स्वतःचीच किळस आली.

बाबांना टपालवाल्याचा आवाज कळतो. थोड्या वेळानं आतून विचारलं, कोणाचं? म्हटलं, टिल्ल्याचं. म्हणाले, "मला बसतं कर." पाठीला दोन उशा दिल्या. म्हणाले, "केस विंचर." पत्र ऐकायला त्यांनी केस विंचरून घेतले, टिल्ल्या.

छकू दारात उभी होती. माझ्यानंतर पत्र तिनंही वाचलं होतं. त्या ओळी गाळ म्हणून मला हातानं खुणावत होती. गाळता आल्या असत्या, चारच तर ओळी. बाबांना काय कळणार होतं? पण मी मनाशी ठरवलं होतं की आता या घरात काही गाळायचं नाही. एकदा गप्प बसले त्यात तुझा जन्म गेला. म्हणून मी सगळं वाचलं, एक अक्षर न सोडता. हात दाखवून अवलक्षण.

ते म्हणाले, "पुन्हा वाच, ते गंजीचं." मी पुन्हा वाचलं.

"त्याला ठाऊक होतं?"

"तसं लिहिलंय. पण बाबा, तो मला वाचवायला..."

"ठाऊक होतं," म्हणाले. "दोनदा दाखवलं होतं मी. हात धरून." मग उशा काढायला सांगितल्या. "मला भिंतीकडे वळव. तो यायला नको."

आठ तारखेपासून बारापर्यंत मी रोज विनवलं. छकूनं विनवलं. ज्या पोरीचा डोळा गेला ती म्हणते, माझा राग नाही, तर तुमचा कसला? त्यांनी तिला सांगितलं, "तुझा डोळा तुझ्यापुरता गेला, मला तो रोज बघावा लागला." मधे एकदा तारघरातही गेले होते. फॉर्म घेतला, "येऊ नकोस" लिहिलं, आणि खिडकीपर्यंत जाऊन परत आले. वाटलं, उद्या पाघळतील. मग बारा तारखेला तुझी तार आली, सोळाला सकाळी पोचतो, आणि मी ती कोणाला दाखवलीच नाही दोन दिवस. बघ, पुन्हा गाळलंच.

शेवटी छकूला दाखवली. ती म्हणाली, "बाबांना त्याला हात तरी लावू दे." मला म्हणाली की स्वतःशीच म्हणाली, कुणास ठाऊक, पण अहोजाहो नव्हतं. मग जे काही ठरलं ते तिनं ठरवलं.

कंपाउंडर आजपासून सुट्टीवर आहे, नाताळ होईपर्यंत. बाबांना आम्ही सांगितलंय की डॉक्टर बदली माणूस पाठवणार आहेत, कामाला चोख आहे पण मुका आहे. बाबा म्हणाले, "बरंच झालं. हा फार बडबडतो." तर तो बदली माणूस तू. तुला मान्य असेल तरच. नसेल तर परतीची गाडी दोन वाजता आहे, मी तुझ्यासोबत इथंच बसेन आणि तुला एका शब्दानं बोल लावणार नाही.

येणार असलास तर नीट समजून घे. छकू म्हणते, आवाज बदलतो पण बोलायची ढब माणसाला लपवता येत नाही, आणि वीस वर्षं एक्सचेंजवर काढल्यावर तिला ते कळतं. खोकलाही नको. हात गरम करून घे, थंड हात लागला की ते चिडतात. एक हात खांद्याखाली, एक मोडक्या खुब्याच्या वर, आणि खालच्या चादरीसकट एका झटक्यात वळवायचं, हळूहळू केलं तर जास्त दुखतं. त्या वेळी ते तुझ्या गळ्यात हात टाकतील. घट्ट टाकतील. आधाराला म्हणून सगळ्यांच्याच गळ्यात टाकतात, त्यानं विरघळून जाऊ नकोस. मी खोलीतच असेन. छकू म्हणाली ती दारात उभी राहील, तुला बघायला. मोठा झाल्यावर तिनं तुला कधी बघितलंच नाही.

सिग्नल पडलाय. लोक उठायला लागले.

कूस बदलून झाली की बाबा "शाबास रे पोरा" म्हणतात. कंपाउंडरला रोज म्हणतात, तुलाही म्हणतील. ते ऐकून घे. ओ मात्र देऊ नकोस.

ताई